पाऊण तास

नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका मोठ्या धरणाच्या पूर-सूचना कक्षात एकदा एक तरुण अभियंता आपली योजना घेऊन गुरूंपुढे बसला. त्याचं नाव ओजस लोहोकरे. गुरू म्हणजे कुमुदबाई बर्वे. धरणातून पाणी सोडलं की खालच्या गावांना ‘पाणी इतक्या तासांत पोहोचेल’ असा संदेश धाडणारी संगणक प्रणाली त्यांनीच अठरा वर्षांपूर्वी लिहिली होती. आता त्या निवृत्तीला आल्या होत्या.

ज्या प्रोग्रामिंग भाषेत ती प्रणाली होती, तिची ती आवृत्ती कालबाह्य झाली होती. तिच्यातले दोष दुरुस्त करणं तिच्या कर्त्यांनीच थांबवलं होतं. नव्या आवृत्तीत जाणं अटळ होतं आणि ते काम ओजसकडे आलं होतं. त्याने प्रत्येक फाइल तपासली, बदलायच्या ओळींची यादी केली, दोनशे चाचण्या लिहिल्या. सगळ्या उत्तीर्ण झाल्या. तीन आठवड्यांत स्थलांतर पूर्ण होईल, असं त्याने सांगितलं.

कुमुदबाईंनी योजना पानन् पान वाचली आणि मनापासून तिची स्तुती केली. मग मात्र त्यांनी एक विचित्र आज्ञा केली. गुरुवारी सकाळी आठ वाजता पाणी सुटणार होतं. ओजसने पहाटेच निघून नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या पाणसांगवी गावी जावं, नवी आवृत्ती लॅपटॉपवर चालू ठेवावी, आणि पाणी घाटाच्या पायरीला लागेल ती वेळ लिहून आणावी. ओजसला हे वेळेचा अपव्यय वाटलं. पाणी कधी पोहोचतं हे मोजायला यंत्रं होती. पण त्याने आज्ञा मोडली नाही.

आठ वाजता पाणसांगवीच्या पोलीस पाटील केराबाई गवळी यांच्या फोनवर जुन्या प्रणालीचा संदेश आला: तीन तास. ओजसच्या लॅपटॉपवर आकडा उमटला: चार तास. तो चमकला. अंतर पंचेचाळीस किलोमीटर, वेग ताशी बारा. भागाकार पावणेचार येतो. जुनी आवृत्ती पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक सोडून देई, म्हणून तीन. नवी आवृत्ती तो राखते आणि संदेश छापताना जवळचा पूर्णांक घेतला जातो, म्हणून चार. त्याच्या चाचण्यांतल्या सगळ्या अंतरांना नेमका पूर्ण भाग जात होता, त्यामुळे हा फरक दिसलाच नव्हता. तरीही त्याला समाधान वाटलं. नवं उत्तर सत्याच्या अधिक जवळ होतं.

केराबाईंनी भोंगा वाजवला. गुरं वर गेली, मुलं गेली, धान्याची पोती गेली. अकरा वाजले. पाणी आलं नव्हतं आणि खालची आळी अजून रिकामी झाली नव्हती. सव्वा अकराला चौघांनी एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला खाटेसकट उचलून चढ चढायला सुरुवात केली. ओजसने धावत जाऊन खाटेला हात लावला. ती वर टेकली तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दहा मिनिटांनी करड्या पाण्याची एक रुंद भिंत वळणावरून आली आणि पायऱ्या एकेक करून नाहीशा झाल्या.

“तुमचं मशीन तीन तास म्हणतं, पण पाणी कायम जरा मागनं येतं, दादा,” केराबाई शांतपणे म्हणाल्या. “ते जे मधलं असतं ना, त्यात आम्ही म्हाताऱ्या माणसांना वर नेतो. दरसालचं हाय.”

ओजसने वेळ लिहिली: पावणेबारा. चार तास सांगितले असते तर ती खाट अजून खाली असती. भागाकारातून गळून पडलेल्या त्या पाऊण तासावर एक आख्खी आळी अठरा वर्षं चढ चढत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “मॅडम, इतका पुढचा विचार तुम्ही तेव्हा केला होता?”

“नाही रे,” कुमुदबाई म्हणाल्या. “ती माझी चूक होती. भाषा अपूर्णांक टाकून देते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सहा वर्षांनी ते ध्यानात आलं. दुरुस्त करायला म्हणून त्या गावात गेले, तू पाहिलंस ते पाहिलं, आणि हात मागे घेतला. तिथे टीप लिहायची राहिली, ही दुसरी चूक. नव्या आवृत्तीत तर जायलाच हवं. पण प्रणाली इतकी वर्षं चालली की तिच्यात आपण लिहिलेलं तर असतंच, त्याशिवाय लोकांनी तिच्या भरवशावर जे उभं केलं तेही असतं. ते कोडमध्ये दिसत नाही. तिथे जाऊनच पाहावं लागतं.”

ओजसने योजना नव्याने मांडली. तीन आठवड्यांऐवजी त्याने एक संपूर्ण पावसाळा मागितला. त्या काळात दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालल्या आणि जिथे उत्तरं वेगळी आली त्या प्रत्येक गावी तो स्वतः गेला. अपूर्णांक सोडणं आता त्याने स्वतंत्र ओळीत स्पष्ट लिहिलं आणि वर टीप दिली: ही वेळ पाणसांगवीच्या खालच्या आळीची आहे.

पुढच्या वर्षी नव्या आवृत्तीचा पहिला संदेश गेला. दुपारी ओजसने केराबाईंना फोन लावून सगळं ठीक पार पडलं का, असं विचारलं.

“व्हय की. नेहमीसारखंच,” त्या म्हणाल्या. “का वो दादा, काय बदललंय का?”