न वाकणारी साखळी

एका जंगलातून एक नदी वाहत होती. नदीला दोन काठ होते आणि दोन्ही काठांना मिळून एकच सरकार होतं, ते अर्थात पलीकडच्या काठावर. अलीकडच्यांना काही मागायचं असलं, की वेलींच्या पुलावरून जावं लागे. एक दिवस तो पूल तुटला आणि मागायला निघालेले सगळे वाहून गेले. सरकारने पाहणी केली आणि जाहीर केलं, की अलीकडच्या काठाच्या मागण्या आता बऱ्याच कमी झाल्या आहेत.

पण निवडणूक जवळ आली, तेव्हा लोखंडी साखळ्यांचा पूल बांधायचं ठरलं.

अध्यक्ष होते खडकराव रानगवा. त्यांची मान इतकी जाड, की ती खाली होतच नसे. एकदा पाणी पिताना ती जराशी वाकली होती म्हणतात. ज्या बेडकाने ते पाहिलं, तो बेडूक पुढे कोणाला दिसला नाही. पक्षाची घोषणाच होती, "खडकराव वाकत नाहीत!"

"साखळ्या मान्यताप्राप्त भट्टीकडूनच घेतल्या जातील!" खडकराव गरजले. टाळ्या पडल्या. मग कोणीतरी विचारलं, मान्यता देतं कोण? म्हणून मान्यता मंडळ स्थापन झालं. मंडळाला मान्यता कोणी द्यायची, हा प्रश्न मंडळाने पहिल्याच बैठकीत एकमताने सोडवला.

मंडळाची सचिव झाली टिटवी, कारण तिचा आवाज दोन्ही काठांना ऐकू जाई. तपासनीस झाली सगुणा तांबट. सगुणा मूठभर पक्षीण, पण चोचीने टुक करून ठोकलं की लोखंडाच्या पोटात काय आहे ते तिला कळायचं. तिच्या उंबराखालीच भिवरा साळिंदर राहायची, तीन पिल्लं घेऊन. पिल्लांची कंदमुळं सगळी पलीकडच्या काठावर.

"सगुणाबाई, नीट ठोकून बघा हं," भिवरा म्हणाली. "माझी तिन्ही पोरं त्या साखळीवरून जाणार आहेत."

भट्ट्या दोनच आल्या. एक दाजी अस्वलाची. दाजी तापलेल्या लोखंडाला पाणी पाजायचा, म्हणजे गार पाण्यात बुडवायचा, आणि मग तेच लोखंड पुन्हा मंद आचेवर शेकत बसायचा. दुसरी हसमुख तरसाची. तो नुसतं पाणी पाजायचा.

"पुन्हा शेकत नाही?" सगुणाने विचारलं.

"ताई, विकासाला परत मागे नेऊन तापवायचं?" हसमुख खो खो हसला. "आमचं एकदा कडक झालं की झालं!"

सगुणाने दोन्ही साखळ्या ठोकल्या. दाजीची टुक्क बोलली. हसमुखची टिण्ण बोलली, काचेच्या बरणीसारखी. सगुणाच्या अंगावरची पिसं उभी राहिली.

परीक्षेच्या दिवशी सगळं जंगल लोटलं. नऊ रानडुकरांनी दाजीची साखळी ओढली. ती ताणली गेली, कड्या लांबट झाल्या, करकर आवाज आला, पण तुटली नाही.

"वाकली! वाकली!" गर्दी ओरडली.

नऊ रानडुकरांनी हसमुखची साखळी ओढली. ती केसभरही हलली नाही. गर्दी नाचायला लागली.

"थांबा," सगुणा म्हणाली. "पुलावर कोणी उडी मारली तर? दचका द्या."

एका वानराने झाडावरून दगड टाकला. टण्ण! हसमुखच्या साखळीचे दोन तुकडे झाले.

टिटवी किंचाळली, "तुटली! पण पाहिलंत ना, वाकली नाही!"

त्यानंतर जो जल्लोष झाला त्यात दोन ससे चेंगरले. त्यांना न वाकणारे नागरिक म्हणून गौरवण्यात आलं. मंडळाने तिथेच नियम दुरुस्त केला: तुटणे हा दोष धरला जाणार नाही, वाकणे हा धरला जाईल.

"अहो, चांगलं लोखंड आधी ताणलं जातं, कुरकुरतं, सांगतं," सगुणा म्हणाली. "हे काही न सांगता जाईल. मी सही करणार नाही."

"तुम्हाला पंख आहेत, पुलाची तुम्हाला काय पडलीये?" टिटवीने टोमणा मारला.

"सही मात्र पायाने चालणाऱ्यांसाठी असते."

मंडळाने सगुणाच्या चोचीची मान्यता काढून घेतली आणि सही टिटवीने केली. मग उत्साहाला भरतीच आली. वाकण्यावर जंगलभर बंदी आली. बांबूंना नोटिसा गेल्या. रानमांजरीला आळस देताना पकडलं. सापांनी सामूहिक माफीनामा दिला, पण तो देताना ते वळवळले, म्हणून फेटाळला गेला. फक्त एक खुलासा करावा लागला: अध्यक्षांपुढे वाकणे हे वाकणे समजले जाणार नाही.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. साखळ्या चकाकत होत्या. टिटवीने पुकारलं, "पहिल्या लाभार्थी, भिवरा साळिंदर आणि त्यांची तीन बाळं!"

भिवराने वर उंबरावरच्या सगुणाकडे पाहिलं. पिल्लांच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. सगुणाने धोक्याची सूचना द्यावी, तर तिच्या चोचीला मान्यता नव्हती. घोषणेला मात्र मान्यता लागत नाही. ती पुलाच्या स्वागतकमानीवर जाऊन बसली आणि जीव खाऊन ओरडली, "न वाकणाऱ्या पुलावर पहिलं पाऊल कोणाचं?"

"खडकरावांचं!" गर्दी उसळली. "खडकरावांचं! खडकरावांचं!"

भिवरा पटकन बाजूला झाली. खडकराव हसत हसत पुढे आले, कारण मागे जायला वाट नव्हती. पुलाच्या तोंडाशी ते थबकले आणि ओठ न हलवता सगुणाला म्हणाले, "बाई, तुटेल का?"

"तुटेल, साहेब."

"आधी कळेल ना?"

"नाही. आधी कळवणारी साखळी दाजीच्या अंगणात पडून आहे."

खडकरावांनी खालचं पाणी पाहिलं, पाण्यातले खडक पाहिले. मग गर्दीकडे वळून त्यांनी कातर आवाजात भाषण केलं. "भावांनो, बहिणींनो! अशा थोर साखळीवर पाय? माझे पाय? मला हे पाप सोसवणार नाही! ही साखळी डोक्यावर राहील. पायांसाठी एखादी साधी, वाकडी, मान्यता नसलेली साखळी खाली लावा!"

लोक ढसाढसा रडले. प्रचंड प्रतिसादामुळे उद्घाटन आठ दिवस पुढे ढकलण्यात आलं. तेवढ्या वेळात दाजीने गुपचूप खालच्या साखळ्या बसवल्या. हसमुखला लोहरत्न मिळालं. दाजीला नोटीस आली, तुमच्या साखळीला मधोमध चार बोटं झोळ आहे, खुलासा करा.

आता भिवरा रोज पिल्लांना घेऊन जाते. खालची साखळी करकरते, झुलते, पोरं खिदळतात. सगुणा शेजारून उडत असते, कान देऊन.

"सगुणाबाई," भिवराने परवा मधोमध थांबून विचारलं, "आम्हाला धरते ती खालची ना?"

"खालचीच."

"मग हार रोज वरचीला का?"

"खालची कामात असते," सगुणा म्हणाली. "निवडणुकीला वरची उभी राहते."