उघड्या दारांचं गाव

कधीकाळी, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये.

दोन पांढऱ्या डोंगरांच्या मध्ये एक गाव होतं. तिथे सहा महिने बर्फ असे आणि उरलेले सहा महिने बर्फ येणार म्हणून तयारी असे. बर्फ पडू लागला की गावाचा आवाज कमी कमी होत जाई. बैलांच्या गळ्यातल्या घंटासुद्धा कापसात गुंडाळल्यासारख्या वाजत. माणसं हळू बोलत, हळू चालत, आणि दिवसासुद्धा स्वप्नात असल्यासारखी दिसत.

त्या गावाची एक रीत होती. गावाबाहेर ज्याचा जीव गेला, त्याच्या घराचं दार लावायचं नाही. तो वाट चुकला असेल, बर्फात फिरत असेल. गारठून एखाद्या दिवशी अंगणात येईल आणि दार लावलेलं दिसलं तर तसाच मागे वळेल. म्हणून दार सताड उघडं ठेवायचं आणि चूल ढणाढणा पेटती ठेवायची. गावात घरं बत्तीस होती. त्यातल्या दहा घरांची दारं उघडी होती.

उघड्या दाराच्या घराला सरपण तिप्पट लागे. जवळचं रान कधीच चुलींत जळून गेलं होतं. आता लाकूड उरलं होतं ते फक्त तुटक्या कड्यावर. ज्याचं सरपण आधी संपेल त्याने कड्यावर जायचं, असं ठरलेलं होतं. दरसाल कुणीतरी जाई आणि दोनतीन वर्षांतून एकदा कुणीतरी परत येत नसे. मग आणखी एक दार उघडं राही. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण कुणी ते एका ओळीत मांडून पाहिलं नव्हतं.

त्या गावात दोन भाऊ राहत होते. थोरला शांत होता. धाकटा तापट होता, आधी करायचा आणि मग विचार करायचा. शाळा त्याने बाहेरूनच पाहिली होती. त्याला जे काही येत होतं ते थोरल्याने शिकवलेलं. गाठ कशी मारायची, गायीच्या कोणत्या बाजूला बसायचं, रडू आलं तर कुठे जाऊन रडायचं, हेसुद्धा.

कार्तिकात थोरला कड्यावर गेला. आला नाही. मार्गशीर्षात त्याच्या बायकोला मुलगी झाली.

धाकट्याने दार सताड उघडलं. नुसतं उघडून त्याचं समाधान होईना. दाराला टेकून त्याने मोठा दगड ठेवला, वाऱ्याने चुकूनही ते मिटू नये म्हणून. चुलीत तो एकावर एक ओंडके सारी. जाळ छपराला भिडे आणि तरी घर गार. चुलीकडचं अंग भाजे, पाठ काकडे. मुलगी आईच्या पदरात कण्हत राही. तिचे पाय थंडीने निळे पडत. धाकटा ते बघायचा आणि आणखी एक ओंडका टाकायचा.

आईचं दूध आटत चाललं होतं. सरपणाची रास गुडघ्याएवढी राहिली.

वहिनीने एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली की पोरीला हा वारा सोसत नाही, निदान पडदा तरी लावू. धाकट्याने ऐकून घेतलं नाही. तो म्हणाला की पडदा लावला तर दादाला आतला उजेड दिसणार नाही. यावर तिने पोरीला मांडीवर घेतलं. मग पोरीचे पाय चोळता चोळता म्हणाली, "भावजी, आठ दिवसांत लाकूड संपेल. मग पाळी तुमची. तुम्हीही आला नाहीत, तर मी दुसरं दार कुठून आणू उघडं ठेवायला?"

ते त्याला लागलं. तो उठला, कुऱ्हाड आणि रिकामं पोतं घेतलं आणि त्याच पावली निघाला. भाकरीही बांधून घेतली नाही.

कडा चढायला अर्धा दिवस लागला. थोरला जिथून पडला असावा असं लोक म्हणत, तिथे धाकटा बसला. खाली बघितलं तर गाव तळहातावर ठेवल्यासारखं दिसत होतं. अकरा उघड्या दारांसमोर बर्फ वितळून काळे ओघळ झाले होते. छपरं ओली, काळी. बत्तीस घरांतून वाफ निघत होती आणि वर येता येता विरून जात होती. त्याच्या दादाने ज्यासाठी जीव गमावला, ती सगळी ऊब आभाळात चालली होती. आभाळ काही त्यामुळे तापत नव्हतं.

बर्फाचे बारीक कण तरंगू लागले. त्याला वाटलं, असंच बसून राहावं. इतक्यात शेजारच्या उतारावर त्याला बर्फात एक भोक दिसलं. बोट जाईल एवढं. त्याच्या कडेला दव गोठून फुलासारखं झालं होतं. त्याने भोकावर हात धरला. आतून उबदार हवा आली.

धाकट्याने मागचापुढचा विचार न करता बर्फ उकरला. खाली वाळक्या पाल्याचा जाड थर लागला. तोही त्याने बाजूला सारला.

"लाव ते," आतून झोपाळू आवाज आला.

"काय?"

"दार. पाला म्हणजे माझं दार. अख्खा कार्तिक घालवलाय मी त्यात. माझी ऊब चालली."

आत एक म्हातारी अस्वलीण झोपली होती. तिचे डोळे मिटलेले होते. ती झोपेतच बोलत होती आणि मध्येच घोरत होती. धाकट्याने घाईने पाला जागेवर लावला आणि त्या लहानशा भोकाला तोंड लावून विचारलं की तू आत जाळतेस तरी काय.

"जाळू कशी? चकमक धरायला हे पंजे कामाचे नाहीत," ती म्हणाली. "पानगळीत पोटभर खाल्लं. तेवढीच ऊब अंगात आहे. तीच चैतापर्यंत पुरवायची. म्हणून आधी फटी बुजवल्या, मग झोपले. नाकापुरतं भोक ठेवलं. तुम्ही माणसं आधी आग लावता, मग गार वाटलं की आणखी आग लावता. फटींकडे बघत नाही."

धाकट्याला राग आला. तो म्हणाला की आमचं दार फट नाही. ते दादासाठी आहे.

आत घोरणं सुरू झालं. तो उठायला लागला तेव्हा आवाज पुन्हा आला, खूप लांबून आल्यासारखा.

"कार्तिकातला का? पाठीवर मोळी होती तो? मी पाला गोळा करत होते तेव्हा पाहिला त्याला. पाय घसरला, झुडूप हाताला लागलं. मोळी टाकून दिली असती तर वर आला असता. टाकीना. तोंडाने एकच म्हणत होता, घर गार पडेल, घर गार पडेल."

धाकट्याने कपाळ बर्फाला टेकवलं.

"मग तू त्याचं घर गार का पाडतोस?" अस्वलीण म्हणाली आणि कूस बदलून गाढ झोपली.

दिवस कलता कलता धाकटा घरी आला. पाठीवर लाकूड नव्हतं. त्याच्या पोत्यात बर्फाखालून उकरलेला वाळका पाला होता. वहिनीने विचारलं की सरपण कुठे आहे. तो म्हणाला, हेच.

मग दोघं कामाला लागली. भिंतीच्या फटींत त्याने पाला ठासला. वहिनीने शेण, माती आणि भुसा कालवून वरून लिंपलं. छपराखाली पेंढ्याच्या जाड पेंड्या दाटून बसवल्या. चुलीवर धुरापुरता झरोका ठेवला. बाकी सगळं बुजवलं. शेवटी दार उरलं.

दाराचा दगड त्याने हलवला. दाराला हात घातला आणि तो तसाच उभा राहिला. बाहेर अंगण पांढरं होतं, त्याच्यापलीकडे सगळं धूसर. त्या धूसरातून कुणीही येऊ शकेल असं वाटत होतं. हे दार लावलं की कुणी येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. लावलं नाही तरी कुणी येणार नाही, हेही ठाऊक होतं, पण ते त्याने आजवर स्वतःला सांगितलं नव्हतं.

"दादा," त्याने एकदाच हाक मारली. मोठ्याने नाही, घरात बोलावं तशी.

मग दार लावलं. वहिनीने खुंटीवरची थोरल्याची घोंगडी काढली आणि दारावर आतून टांगली. ती बरोबर उंबऱ्यापर्यंत आली. त्या रात्री चुलीत दोनच लाकडं होती, आणि पोरगी पहिल्यांदा न कण्हता झोपली.

सकाळी गावाने बंद दार पाहिलं. वाऱ्यासारखी बातमी पसरली. भावाला बाहेर ठेवून कडी घातली म्हणे. कुणी म्हणालं, घर हवं असेल त्याला. सगळ्यात जास्त चिडली ती म्हातारी कुंभारीण. तिचा मुलगा वीस हिवाळ्यांपूर्वी गेला होता आणि तिचं दार तेव्हापासून मिटलं नव्हतं. पाणवठ्यावर वहिनी दिसली तशी ती घागर उचलून दुसऱ्या बाजूला गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, "काही जणांना रडणंसुद्धा जड होतं हो."

त्यानंतर तीन दिवस बर्फ पडत राहिला. चौथ्या दिवशी ऊन पडलं. माणसं बाहेर आली आणि बघतच राहिली. नेहमीप्रमाणे सगळी छपरं ओली, काळी, ठिबकत होती. फक्त एका छपरावर कोपरभर बर्फ जसाच्या तसा होता. एक थेंब वितळला नव्हता.

त्या गावात याचा अर्थ एकच होता. आत चूल विझली. आतली माणसं गेली.

चार दिवस जे तोंड फिरवून होते तेच फावडी घेऊन धावले. कुंभारीण सगळ्यांच्या पुढे होती. धापा टाकत म्हणत होती की मी तिला बोलले, पोर लहान आहे हेसुद्धा मनात आलं नाही. त्यांनी अंगणातला बर्फ उपसला, दाराला खांदा लावला आणि घोंगडी बाजूला करून आत घुसले.

आत उन्हाळ्यासारखं होतं.

चुलीत मूठभर निखारे होते. कोपऱ्यात सरपणाची रास अजून गुडघ्याला लागत होती. धाकटा भिंतीला टेकून पेंगत होता. मुलगी दुपटं लाथाडून, उघड्या पायांनी झोपली होती आणि ते पाय गुलाबी होते. वहिनी बाह्या वर सारून पीठ मळत होती. तिने या फावडेवाल्या गर्दीकडे पाहिलं.

"आत या नाहीतर बाहेर जा," ती म्हणाली, "पण दार लावा आधी."

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी रडलं. दार मात्र लगेच लागलं.

कुंभारीण भिंतीकडे गेली. तिने लिंपलेल्या फटीवरून बोटं फिरवली, कारागीर दुसऱ्याचं काम तपासतो तशी. मग ती खाली बसली.

"जन्मभर मी मडकी भाजायचा आवा लिंपला," ती म्हणाली. "एक चीर राहिली तरी मडकी कच्ची निघतात, म्हणून सुनेला शिव्या घातल्या. आणि घरात वीस वर्षं चिरेशेजारी बसून जाळत राहिले."

ती धाकट्याला घेऊन आपल्या घरी गेली. तिच्या दारावर वीस हिवाळ्यांचं ऊन-बर्फ बसलं होतं. ते जागचं हलेना. दोघांनी जोर लावला तेव्हा करकरत निघालं. अर्ध्यावर आल्यावर म्हातारीने ते धरून ठेवलं.

"आणि तो आला तर?" तिने विचारलं.

याचं उत्तर दादाने शिकवलेलं नव्हतं. धाकट्याने पहिल्यांदाच बोलण्याआधी विचार केला.

"हाक मारेल ना, आजी," तो म्हणाला. "दार उघडायला आत कुणीतरी जितं पाहिजे."

म्हातारीने हात सोडला.

त्या हिवाळ्यात अकराही दारं एकेक करून लागली आणि बत्तीसही घरं लिंपली गेली. कड्यावर कुणाला जावं लागलं नाही, कारण कुणाचं सरपण संपलंच नाही. पुढे जी नवी घरं बांधली ती दोन भिंतींची बांधली आणि मधल्या पोकळीत पाला भरला. दारं लहान ठेवली आणि उन्हाकडे तोंड करून ठेवली. बर्फ पडला की माणसं छपराकडे बघत. ज्याचं छप्पर सगळ्यात पांढरं, त्याचं कौतुक. कड्यावरचं रान वाढत वाढत खाली उतरलं आणि काही वर्षांनी थेट गावाच्या पाणवठ्यापर्यंत आलं. अस्वलांची पिलं कधीकधी तिथे पाणी प्यायला येत.

त्या गावातून नंतर कुणीही बर्फात हरवलं नाही, म्हणून उघड्या दाराची रीत आपोआप विसरली गेली. थोरल्याची मुलगी मोठी झाली. दारावरची घोंगडी कुणाची असं तिने विचारलं, तेव्हा धाकट्याने तिचा हात धरून त्या लोकरीवर ठेवला. घोंगडीची बाहेरची बाजू गार होती आणि आतली उबदार.

म्हणून लहानथोर हो, एवढं लक्षात ठेवा: जास्त जाळल्याने घर उबदार होत नाही, आहे ती ऊब राखल्याने होतं.