बंधाऱ्याच्या दाराची परीक्षा

कोणे एके काळी, तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आठवणीपलीकडे, डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राज्यात एक मोठा तलाव, तलावाला बंधारा आणि बंधाऱ्याला एक दगडी दार. पावसाळ्यात तलाव फुगला की दार उचलायचं आणि जास्तीचं पाणी नदीत सोडून द्यायचं. ते वेळेवर उचललं नाही तर बंधारा फुटणार आणि खालची नगरी वाहून जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हत्ती लावले तरी दार हलत नसे. पण राज्यातला थोरला तांबट मोठा कल्पक. त्याने दाराखाली तांब्याचं जाडजूड नळकांडं उभं केलं. त्यात पाणी, पाण्यावर दट्ट्या आणि दट्ट्यावर दाराचा सगळा भार. शेजारचा दांडा माणसांनी वरखाली केला की आणखी पाणी आत दाबलं जाई आणि दार हळूहळू वर चढे. लोक म्हणत, पाण्याने दगड उचलला. ते खरंच होतं.

दर उन्हाळ्याच्या शेवटी, दाराखालची पाणी वाहून नेणारी मोरी कोरडी असताना, दाराची परीक्षा होई. तिची रीत अशी: दार वर चढवायचं आणि ते बनवणाऱ्याने आपल्या लेकराबाळांसह त्याच्या खाली पाट मांडून बसायचं. ज्याचा आपल्या कामावर भरवसा आहे, तो खाली बसायला कशाला भिईल? तांबट नातीला मांडीवर घेऊन बसे. सनई वाजे, पेढे वाटले जात, राजा शेला देई. सगळ्यांची छाती अभिमानाने फुगे. नळकांड्याची मात्र कोणी विचारपूस करत नसे.

तांबट थकला, तेव्हा हातोडा त्याच्या सुनेने उचलला. ती कामाला पक्की होती आणि बोलायला त्याहून पक्की.

पहिल्याच परीक्षेच्या दिवशी मोरीत रांगोळी काढली होती, पाट मांडला होता. सून बाहेरच उभी राहिली.

"सूनबाई, बस ना," सासरा म्हणाला.

"नाही मामंजी. पोरीलाही बसवणार नाही. आज खाली कोणीच बसायचं नाही."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. हिचाच हिच्या कामावर भरवसा नाही, म्हणे. राजाच्याही कपाळाला आठी पडली.

"बाई, बसायचं नसेल तर हे काम तुमच्या घराकडे राहणार नाही. घराण्याचा मान आहे. विचार करून बोल."

सासऱ्याचा चेहरा उतरला. सुनेचा नाही.

"विचार करूनच बोलतेय, महाराज. एक विचारू? या दारावर आजवर कधी जास्तीचं वजन ठेवून पाहिलं?"

"खाली माणसं बसलेली असताना वजन कोण ठेवील?"

"मी तेच म्हणतेय."

तेवढ्यात दांडा मारणारा एक म्हातारा पुढे आला. "खरं सांगायचं तर महाराज, खाली लेकरू दिसलं की आमचा हात आपोआप हलका पडतो. दार अर्धं चढलं की आम्ही थांबतो."

"पुराचा हात असा हलका पडायचा नाही," सून म्हणाली. "पुरात पाणी दाराला खोबणीत दाबून धरतं. तेव्हा नेहमीच्या दीडपट जोर लागतो. तो जोर मला आज हवाय. माणसं दूर न्या आणि दारावर दगड चढवा. दार टिकलं, तर खुशाल आमचा मान काढून घ्या."

राजा हट्टी होता, पण अडाणी नव्हता. त्याने मान डोलावली आणि दांडा मारणारे सोडून सगळी माणसं पलीकडच्या टेकाडावर गेली.

सुनेने आधी नळकांड्यातली हवा सोडून ते पाण्याने गच्च भरलं. कोंडलेली हवा फुटली तर ठिकऱ्या दूरवर उडतात, पाण्याचं तसं होत नाही. मग तिने सांध्यांवर कोरडी राख फासली, म्हणजे थेंब पाझरला तरी दिसावा. नेहमीच्या भाराने दार उचललं, तेव्हा राख कोरडीच राहिली. लोक हसले. तिने दार पाटाच्या वर वीतभर राहील इतकं खाली आणवलं, त्यावर दगड चढवले, दांड्याला लांब दोर बांधले आणि पुन्हा दार उचलायला लावून स्वतः आडोशाला उभी राहिली.

दार वर चढलं. दोर थांबले. सुनेची नजर राखेवर खिळली होती.

"चढलं की! आता कशाची वाट बघतेस?" कोणीतरी ओरडलं.

"पूर काय लगेच ओसरतो? तोलून धरायला नको?"

मग मागच्या सांध्यावरची राख काळी पडली. पाण्याची एक बारीक चिळकांडी उडाली, तांबं टरकन फाटलं आणि दार दगडांसकट खाली आदळलं. धुरळा बसला तेव्हा पाटाचा भुगा झालेला दिसला.

"चांगलं चाललेलं दार मोडलं हिने," गर्दीतून एक जण म्हणाला. असं म्हणणारा प्रत्येक गावात एक तरी असतोच.

"मोडणार तर होतंच," सून म्हणाली. "आज आपण बोलावलं म्हणून मोडलं. पुरात न बोलावता मोडलं असतं."

सासरा खाली उतरला. फाटलेल्या तांब्यावरून त्याने बोट फिरवलं. आतून झिजून झिजून ते पिंपळपानाइतकं पातळ झालं होतं. त्याने नातीला जवळ ओढलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"इतकी वर्षं मी स्वतःला धीट समजत होतो, पोरी," तो सुनेला म्हणाला. "मी नुसता नशीबवान होतो."

राजाने आपले शब्द मागे घेतले. पावसाला अजून अवकाश होता. सासऱ्या-सुनेने मिळून जाड पत्र्याचं नवं नळकांडं घडवलं आणि त्याचीही तशीच परीक्षा घेतली. ते टिकलं. त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला, दार बिनतक्रार वर चढलं आणि नगरी कोरड्या अंथरुणात झोपली. पुढेही दर वर्षी त्या राज्यात सनई वाजली, पेढे वाटले गेले, पण ते दारावरचे दगड उतरवून झाल्यावर.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जिच्यात हरायला वाव नाही ती परीक्षा नव्हे, ती नुसती आरती.