एकदाच बोललेला हैबती

तळ्याच्या बांधावरचा पिंपळ उगवलाही नव्हता, तेव्हा निंबझरीत हैबती कोळी घरोघर पाणी भरायचा. खांद्यावर कावड, तोंडात शब्द नाही. माणसांपुढे त्याची जीभ जड व्हायची. पाण्याशी मात्र तो बोलायचा, असं म्हणतात.

रोज सकाळी कावड भरण्याआधी तो गुडघाभर पाण्यात उतरायचा, तळाचं चिमूटभर हिरवं शेवाळ उपटायचा आणि बोटांत चुरायचा. त्याला लसणासारखा वास यायचा आणि ते वाळू मिसळल्यासारखं कचकचायचं. कचकचलं, की पाणी चांगलं. 'हे शेवाळ नितळ पाण्यातच जगतं, बुळबुळीत झालं तर घागर बुडवू नको,' असं त्याचा बाप सांगून गेला होता.

दोरासाठीची अंबाडी एरवी ओढ्यात कुजवत. एका वर्षी ओढा आटला. देवीच्या रथाला नवा दोर हवा होता, म्हणून लोकांनी अंबाडीच्या पेंढ्या कुजवायला तळ्यातच टाकल्या. दोर देवीचा, मग अडवणार कोण? आठ दिवसांत शेवाळ कचकचेनासं झालं. तळाशी त्याचा लगदा झाला, वर हिरवी साय धरली आणि पाण्याला वास यायला लागला.

हैबतीची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती हेच पाणी प्यायची. म्हणून उभ्या जन्मात पहिल्यांदा हैबती चावडीवर गेला.

"पाटील, पेंढ्या काढा. पाणी बिघडलंय. शेवाळ सांगतंय."

चावडी हसली. अंताजी पाटील म्हणाले, "शेवाळाला वाचा फुटली म्हणायची, आणि हैबतीलाही. अरे, वास त्या शेवाळाचाच येतोय. जत्रेआधी खरवडून टाका ते."

हैबती मान खाली घालून परतला. पुन्हा गेला नाही. एवढी शहाणी माणसं म्हणतात, तर आपलंच चुकत असेल, असं त्यानं मनाला समजावलं. लोकांनी तळ खरवडला, साय काढली; पेंढ्या तशाच राहू दिल्या. तळं लख्ख दिसू लागलं. आता चुरून बघायला काही उरलंच नव्हतं. त्यानं कावड भरली आणि पहिली घागर सगुणाच्या रांजणात ओतली.

जत्रेआधीच गावात हगवण-ओकारी सुरू झाली. अकरा माणसं गेली. सगुणाही गेली, पोटातल्या बाळासकट. जाताना ती एवढंच म्हणाली, "आबा, तुम्ही तर चुरून बघता ना?"

रथ त्या वर्षी हलला नाही. नव्या दोराला हात लावला, की त्यातून पाणी ठिबकायचं, असं म्हणतात.

हैबतीनं एकट्यानं तळ्यात उरलेल्या सगळ्या पेंढ्या बाहेर काढल्या. मग कोसभर वरच्या झऱ्यातून तेच शेवाळ आणून तो तळाशी लावत राहिला, एकेक धागा. छातीभर पाण्यात उभा राहून म्हणत राहायचा, "पेंढ्या काढा, पेंढ्या काढा." पेंढ्या तर केव्हाच निघाल्या होत्या. पाटील काठावर हात जोडून उभे राहायचे. त्याला ते दिसायचे नाहीत. त्याच्या दाढीत शेवाळ रुजलं, असं म्हणतात. एका सकाळी तो नव्हता. तो उभा असायचा तिथं माणसाच्या उंचीचं शेवाळ पाण्यात डोलत होतं, आणि तळाचा खडा न् खडा दिसत होता.

आजही निंबझरीत तळं कोणी खरवडत नाही. जत्रेच्या सकाळी गाव आपल्यातलं सगळ्यात बुजरं माणूस निवडतं. ते पाण्यात उतरतं, शेवाळ चुरतं आणि पाणी कसं आहे ते सांगतं. काठावरून गाव म्हणतं, "पुन्हा सांग." ते पुन्हा सांगतं. गाव तिसऱ्यांदाही विचारतं. तोवर कोणी हसत नाही, आणि कोणी घागर बुडवत नाही.