मैनेचं ठाण

“आता तरी सांगा, उस्ताद. काय कमी आहे?”

जयपाल गिरासेनं घोड्यांच्या नव्या फार्मच्या फाटकापासून हाच प्रश्न धरून ठेवला होता. नसरूमियाँ काठी टेकत चालत होते. त्यांचा एक डोळा गेलेला होता, पण दुसऱ्यानं ते सगळं बघत होते.

जयपालला घोड्यावर बसवलं ते यांनीच. शिव्या घातल्या, पाडलं, पुन्हा बसवलं, पण कधी शाबासकी दिली नाही. तापीकाठच्या दुसऱ्या एकदोघांना मात्र उस्ताद एकदा म्हणाले होते, “याची पागा झाली.” त्या तीन शब्दांसाठी जयपालचा जीव तळमळत होता. लोकांना तो सांगायचा की हा फार्म धंद्यासाठी बांधला, आणि लोक विश्वास ठेवायचे.

“हे बघा, समोरासमोर खणांच्या दोन ओळी. मधून हवा खेळते. खाली रबराची चटई, वर पंखे.”

“हं.”

“ही बाळंतिणीची खोली. घोडी व्यायला झाली की घरातल्या टीव्हीवर दिसते. ही चंदीची, दाण्याची कोठी, उंदीर शिरून दाखवू दे. पलीकडं धुवायचा ओटा, फिरवायला वाळूचं रिंगण. आजारी जनावर वेगळं ठेवायला ती कोपऱ्यातली खोली.”

“आणि म्हातारं?”

“म्हातारं काय?”

“…काही नाही. चल पुढं.”

पुढं अंगणात फरशीवर फायबरचा एक पांढरा घोडा दोन पायांवर उभा होता. येणारे-जाणारे त्याच्याजवळ फोटो काढत. उस्तादांनी त्याच्या पोटावर टिचकी मारली.

“हा काय खातो?”

“उस्ताद, खोटा आहे तो.”

“बरा आहे मग. याचं वय होणार नाही.”

जयपाल हसला, पण ते हसू काही जमलं नाही. इथंच पूर्वी लिंबाखाली मैनेचं ठाण, तिची बांधायची जागा होती. त्याच्या बापानं आणलेली ही एक घोडी. फार्मवरची निम्मी जनावरं तिच्या पोटची किंवा तिच्या पोरींच्या पोटची. लिंब तोडला, फरशी बसवली आणि गेल्या महिन्यात मैना एका वरातीच्या घोडीवाल्याला देऊन टाकली. वयानं पाठ बसली होती तिची. पाहुण्यांपुढं दिसायला बरं दिसत नव्हतं.

त्यानं घाईघाईनं बाभळीचा खुंटा आणि तो ठोकायची मोगरी उस्तादांपुढं ठेवली. त्या भागातल्या घोडेवाल्यांची रीतच आहे. नव्या पागेचा पहिला खुंटा उस्तादानं ठोकायचा आणि घरातलं सगळ्यांत थोरलं जनावर त्याला आधी बांधायचं. तोवर ती पागा नाही, नुसतं छप्पर.

“पहिलं कोण बांधणार?” उस्तादांनी विचारलं.

“मारवाडातून नवा घोडा येतोय. संध्याकाळी पोचेल.”

“थोरली कुठंय?”

“तिला… चांगल्या ठिकाणी दिलीय, उस्ताद. वरातीच्या घोडीचे फार लाड असतात.”

उस्ताद काही बोलणार, एवढ्यात फाटकाकडून घुंगरांचा आवाज आला.

मैना येत होती. अंगावर जरीची झूल, कपाळावर गोंडे, तुटका लगाम जमिनीवरून फरफटत होता. दोन्ही ओळींकडे तिनं पाहिलंही नाही. वाळूचं रिंगण, ओटा, कोठी, सगळं ओलांडून ती सरळ फायबरच्या घोड्याजवळ आली. एकदा फरशी हुंगली आणि मान खाली घालून उभी राहिली.

बांधलेली नव्हती, तरी हलेना.

लहानपणी तापातून उठल्यावर जयपाल हिच्याच गळ्यात पडून रडला होता. ते आठवलं आणि आठवलं याचाच त्याला राग आला.

मागोमाग घोडीवाला धापा टाकत आला. “साहेब, हात जोडतो. नवरदेव बसायच्या आत पळाली. दर खेपेला हिचं तोंड इकडंच. ठेवून घ्या तुम्ही हिला. माझ्याकडं ती जगायची नाही.”

“कुठं ठेवू?” जयपाल म्हणाला. “एकेक खण नेमलेला आहे.”

घोडीवाल्यानं डावीकडच्या मोकळ्या ओळीकडं पाहिलं. उस्तादांनीही पाहिलं. “त्यांवर येणाऱ्या घोड्यांच्या पाट्या लागल्यात,” जयपाल म्हणाला. ते खरंच होतं.

घोडीवाल्यानं लगाम ओढला. मैनेनं पाय रोवले. त्यानं चाबूक उचलला तसा जयपाल पुढं झाला. “मारू नको. दे इकडं.”

त्यानं लगामाला गाठ मारली, तिच्या मानेवर थोपटलं आणि जीभ टाळ्याला लावून नेहमीचा आवाज काढला. मैनेनं कान टवकारले. त्याच्या मागोमाग ती शहाण्या पोरीसारखी निघाली, थेट फाटकापर्यंत. लगाम त्याच्या हातात होता म्हणून निघाली, हे त्याला ठाऊक होतं. फाटकाबाहेर त्यानं ती घोडीवाल्याच्या हातात दिली आणि मागं न बघता परतला. घुंगरं बराच वेळ ऐकू येत राहिली.

उस्ताद तिथंच होते, वाकलेले. मैना उभी होती तिथल्या फरशीवर टेकलेला हात उचलून ते कष्टानं सरळ झाले.

“सुटला एकदाचा घोळ,” जयपाल म्हणाला. “घ्या उस्ताद, ठोका खुंटा.”

उस्तादांनी खुंटा आणि मोगरी उचलली, पण ठोकायला वाकले नाहीत.

“उस्ताद, मुहूर्त जाईल.”

नसरूमियाँनी मोगरी त्याच्या हातात ठेवली, वर खुंटा ठेवला, आणि त्याची बोटं त्यांवर मिटवली.

“जिला खुंटा लागत नव्हता, तिला तू पोचवून आलास, जयपाल. आता ठोक तुला हवे तेवढे.”