गुडघाभर मीठ

वाळूतून नदी धावताना तुम्ही कधी पाहिली आहे का? एका राज्यात ती धावली होती! जादूगार कालंजराने मंत्रलेला घडा कलंडवला आणि राजा मरुसेनाच्या वाळवंटात नदी उतरली. जाताना जादूगार म्हणाला, "महाराज, भूमीखाली मिठाचा राक्षस निजला आहे. तो वर आला, तर तुमच्याही अंगात चढेल."

राजा हसला. त्या राज्यात पाणी अडवणे महापाप! पाट अखंड वाहू लागले. गहू कमरेला लागला. पण पुढच्या पेरणीला शेतावर पांढरे काही फुटले. ते मीठ होते. त्याच दिवशी राजाची पावले मिठाची झाली. मीठ धुऊन काढायला लोकांनी अधिकच पाणी सोडले, आणि मीठ राजाच्या गुडघ्यांपर्यंत चढले.

राजकन्या हिरावती धावत बांधावरच्या टिटवीकडे गेली. त्या टिटवीला वाचा होती.

"पाणी पाजून पाजून राक्षसाला वर कोणी बोलावले? आता रडा!" टिटवी म्हणाली.

"रडेन मागाहून. आधी उपाय सांगा, टिटवीबाई."

"पाट बंद कर. शेतातून खाऱ्या तळ्यापर्यंत खोल चर खण. मग वडिलांना शेतात उभे करून सारी नदी एकदाच सोड."

"मिठाचे पाय विरघळतील!"

"चर उथळ राहिला, तर विरघळतील. खोल गेला, तर नुसते मीठ जाईल."

हिरावतीने पाटाचे दार लावताच म्हातारी गोमाई कडाडली, "राजाची लेक, आणि पाणी तोडतेस?"

"आजी, शेत तहानलेले नाही. बुडाले आहे."

गोमाईने वाकून मुठीत माती घेतली. ती चिकट, गच्च होती. म्हातारी घरून कुदळ घेऊन आली. तिच्यामागे सारा गाव आला! राक्षस कुदळी धरून ठेवी, माणसे त्या ओढून काढीत. अखेर चरात पाझर फुटला. हिरावतीने तो जिभेला लावला. खारट! आणि तो आपल्या पायाने तळ्याकडे निघाला.

राजाला शेतात आणले. लेक पाटाचे दार धरून उभी राहिली.

"उघड, पोरी," राजा म्हणाला. "पाट न अडवण्याचा हुकूम माझाच होता."

नदी गर्जत आली! हिरावतीने धावत जाऊन वडिलांना मिठी मारली. पाणी कमरेला लागले, मग खाली जिरू लागले. भूमीखालून राक्षस ओरडत, घसरत चरात पडला आणि तळ्यात बुडाला.

"हिरा," राजा ओरडला, "चिखल गार लागतो गं!"

शेत पेरून झाल्यावर एके सकाळी राजा अनवाणी शेतावर गेला, त्याने पिकापुरते पाणी दिले, आणि स्वतःच्या हाताने पाटाचे दार लावून घरी आला.