सालीसकट

"मग हा भुसा येतो कुठून?"

विश्वंभरने ओंजळ पुढे केली. तिच्यात भिंतीखाली साचलेला, पिठासारखा बारीक, पिवळट भुसा होता.

सोनाजीबुवा ओसरीवर बसले होते. आश्रमाचं हे घर सागाचे अख्खे ओंडके एकावर एक रचून बांधलेलं. बांधून घेतलं विश्वंभरने, दोन वर्षं राखलंही त्यानेच. आल्यागेल्याला तो ते हौसेने दाखवायचा.

"तुला काय वाटतं?" बुवांनी विचारलं.

"लालसू सुतार. दुसरं कोण? दर बाजाराच्या दिवशी येतो, भिंतीला कान लावून उभा राहतो. मी दिसलो की बाजूला सरकतो. हातात पटाशी असतेच..."

"म्हणजे?"

"घर पोखरतोय, महाराज. मोडलं की दुरुस्तीला त्यालाच बोलावणार ना आपण! मी गावात सांगून टाकलंय, त्याला कुणी काम देऊ नका."

बुवा दचकले.

"सांगून टाकलंस?"

"हो."

"बोलाव त्याला."

लालसू आला, पण अंगणातच थांबला. वर चढेना.

"भिंतीला कान का लावतोस रे?" बुवांनी विचारलं.

"ऐकतो जी."

"काय ऐकतोस?"

लालसूने विश्वंभरकडे बोट केलं. "त्यांनाच ऐकू द्या."

विश्वंभरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. या दोघांनी आधीच बोलून तर ठेवलं नाही? मग नाइलाजाने त्याने ओंडक्याला कान टेकवला.

कर्र... कर्र...

तो मागे सरला. "आत काहीतरी आहे!"

लालसू वर आला. त्याने पटाशीचं टोक सालीखाली सारलं. हातभर साल सुटून आली. खाली लाकडात वेडेवाकडे चर होते, आणि चरांत पांढऱ्या अळ्या.

"बांधतानाच बोललो होतो जी, साल काढून टाका. सालीखाली किडा राहते. तुम्ही म्हणालात, शोभा जाईल."

विश्वंभर खाली बसला. "दोन वर्षं मी त्या सालीलाच जवसाचं तेल चोळत होतो..."



बुवा उठले. लालसूच्या हातातून पटाशी घेऊन शेजारच्या ओंडक्याची साल सोलू लागले.

"महाराज, ठेवा ते. चूक माझी आहे. मी आत्ता गावात जाऊन तसं सांगतो."

"जा."

"पण तुम्ही कशाला..."

बुवांनी हात थांबवला नाही.

"हा तुला सांगत होता, तेव्हा मी इथंच बसलो होतो. मलाही ती साल सुंदर वाटली होती."